वक्त का पैसा

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. हिरवा रंग बराचसा उडालेला, कडीला पितळी कुलूप, आणि आत अम्मीची एक लांबट वही. या पेटीत जे असते त्याला अम्मी 'वक्त का पैसा' म्हणते. मराठीत आपण अडीअडचणीचा पैसा म्हणतो, गाठीचा पैसा म्हणतो, शिकलेली माणसे गंगाजळी म्हणतात. आम्हाला अम्मीचाच शब्द नेमका वाटतो. हा पैसा तिचा नाही, अब्बांचा नाही, पगार आणणाऱ्याचा नाही की शिलाई करणारीचाही नाही. तो वक्ताचा आहे. म्हणूनच या लेखात 'मी' लिहायला हात धजत नाही. पेटीबद्दल जे काही ठरले, चुकले, भांडणे झाली, ती आम्हा सगळ्यांची मिळून झाली.

पैसा किती साठवावा याची उत्तरे आता गल्लोगल्ली मिळतात. आर्थिक सल्लागार सांगतात, तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. साक्रीसारख्या तालुक्याच्या गावात, अंशतः अनुदानित उर्दू शाळेच्या पगारावर, महिन्याला सतरा हजारांत घर चालवणाऱ्यांनी तीन महिन्यांचे एकावन्न हजार करायचे म्हटले तर वर्षे लागतात. आम्हाला लागली. पण समजा, साठले. पुढे काय? पेटी उघडायची केव्हा? या प्रश्नापाशी सल्लागार दोन शब्द बोलून थांबतात: आजारपण, नोकरी जाणे. घरात मात्र आजार आपले नाव सांगत येत नाही. आधी तो थोडीशी कणकण असतो, पायाला लागलेला एक खडा असतो.

युसुफ अलैहिस्सलामांचा किस्सा आपण लहानपणापासून ऐकतो. मिसरच्या बादशहाला स्वप्न पडते, सात धष्टपुष्ट गाईंना सात हडकुळ्या गाई खातात. युसुफ त्याचा अर्थ सांगतात: सात वर्षे पीक येईल, नंतर सात वर्षे कठीण जातील. पिकाच्या वर्षांत खाण्यापुरते घ्या, बाकी धान्य कणसातच राहू द्या. मग कठीण वर्षे येतील आणि साठवलेले खाऊन टाकतील. एवढ्यावर बहुतेक वाज संपतात आणि बचतीचे महत्त्व सांगून लोक घरी जातात. वर्गात हा किस्सा सांगताना मात्र आम्ही दोन ठिकाणी थांबतो. एक म्हणजे, कठीण वर्षांतही थोडेसे राखून ठेवायचे आहे, सगळे खायचे नाही. ते थोडेसे बियाण्याचे, असे पुष्कळ मुफस्सिरांनी सांगितले आहे. दुसरी गोष्ट एका सातवीच्या मुलीने विचारली होती, तिचे श्रेय आम्ही घेत नाही. ती म्हणाली, "सर, उनको तो मालूम था ना कब से कब तक?" खरे आहे. त्यांना सुरुवातही ठाऊक होती आणि शेवटही. आपल्याला या दोन्हींतले काहीच ठाऊक नसते. कणसे कोठारात आहेत, आभाळ कोरडे आहे, पण हे दुष्काळाचे पहिले वर्ष आहे की नुसता लांबलेला पाऊस, हे सांगणारे कुणी नाही.

आमच्या दादीजानकडे सांगणारे कुणी नव्हते. 1972 साली अब्बा चौदा वर्षांचे होते. दादा पिंजारी, खांद्यावर धुनकी टाकून गावोगाव गाद्या-रजया पिंजायचे. दुष्काळात रजई कोण भरून घेणार? दादा आणि थोरले चाचा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. महाराष्ट्रभर तेव्हा अशीच कामे निघाली होती. त्यांतूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. घरात लाल मिलो शिजायची, मुलांना सुकडी मिळायची. अब्बा अजूनही सुकडीचे नाव काढले की तोंड वाकडे करतात. या सगळ्या दिवसांत दादीजानच्या हातात चांदीची दोन कडी होती, आणि ती तिने विकली नाहीत. मुले उपाशी झोपली त्या रात्रीही नाही. चाचांनी तिच्यावर आवाज चढवला होता म्हणे. पुढच्या वर्षी पाऊस झाला, लोकांच्या हातात चार पैसे यायची चिन्हे दिसली, तेव्हा दादीजानने एक कडे मोडले आणि त्याचा कापूस घेतला. त्या कापसाच्या रजया विकून घर पुन्हा उभे राहिले.

हा किस्सा आमच्या घरात दादीजानच्या शहाणपणाचा म्हणून सांगितला जातो. आम्हाला तो ऐकताना नेहमी थोडे अवघडल्यासारखे होते. मुले उपाशी झोपली ना? मग ती कडी कशासाठी होती?

पुढे बी.एड.नंतर काही वाचायला मिळाले तेव्हा कळले की दादीजान एकटी नव्हती. न. स. जोधा नावाच्या अर्थशास्त्रज्ञांनी 1975 मध्ये राजस्थानातल्या दुष्काळावर लिहिताना दाखवले होते की दुष्काळात शेतकरी आधी पोटाला चिमटा घेतात आणि कमाईची साधने शक्य तितकी वाचवतात. 1984-85 च्या सुदानमधल्या दारफुरच्या दुष्काळावर अलेक्स डि वाल यांनी पुस्तक लिहिले आहे. त्यातली माणसेही जनावरे आणि बियाणे राखण्यासाठी उपास काढताना दिसतात. भुकेची त्यांना भीती होतीच, पण उद्या काहीच उरणार नाही ही भीती तिच्याहून मोठी होती. आपल्या महाराष्ट्रातही इक्रिसॅट या संस्थेने 1975 पासून सोलापूर जिल्ह्यातले शिरापूर, अकोला जिल्ह्यातले कंझारा अशा गावांतल्या कुटुंबांचा वर्षानुवर्षे हिशेब ठेवला. त्या आकड्यांवर पुढे रोझेनझ्वाइग आणि वोल्पिन यांनी 1993 मध्ये जे लिहिले त्याचा मथितार्थ आपल्याकडचा कुठलाही शेतकरी सांगेल: वाईट वर्षी बैल विकला जातो, आणि बैल गेला की पुढच्या चांगल्या वर्षीही हात बांधलेले राहतात.

म्हणजे दादीजानचे कडे हे बियाणे होते. बरे, हे मान्य केले. पण मग भूक आणि बियाणे यांच्यामधली रेघ कुणी ओढायची? दादीजानने ती मुलांच्या पोटावर ओढली. एखादे मूल त्यात दगावले असते तर आज हा किस्सा कुणी असा अभिमानाने सांगितला असता का? निकाल चांगला लागला म्हणून निर्णय शहाणा ठरला. हे आम्हा मास्तरलोकांना परिचयाचे आहे. पास झालेल्या मुलाची वही सुंदर दिसते.

आता पेटीकडे येतो. 8 नोव्हेंबर 2016, मंगळवार. रात्री आठला पंतप्रधानांनी सांगितले की पाचशे आणि हजारच्या नोटा मध्यरात्रीपासून बंद. पेटीत बारा हजार होते, ते सगळ्यांना ठाऊक होते. रात्री अकराच्या सुमारास अम्मी उठली, गोधड्यांच्या चळतीतली सगळ्यात खालची रजई काढली, तिची शिवण उसवली आणि आतून आणखी तेवीस हजार पाचशे रुपये काढून आमच्यापुढे ठेवले. चोरी पकडली गेल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. अब्बा काही बोलले नाहीत. ते उठून बाहेर अंगणात गेले. त्यांना वाईट वाटले होते ते पैसे लपवल्याचे नव्हे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सेकंडहँड मोटरसायकल घ्यायला एका पतसंस्थेचे कर्ज काढले होते आणि व्याज फेडता फेडता जीव मेटाकुटीला आला होता. तेव्हा हे रजईत होते.

त्या हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या, देशातल्या किती घरांत अशा रजया उसवल्या गेल्या असतील. पैसे भरायची मुदत 30 डिसेंबरपर्यंत होती, नवी नोट काढायला आठवड्याची मर्यादा होती, रांगा होत्या, हे सगळे आपण भोगले आहे. रिझर्व्ह बँकेने नंतर सांगितले की बंद केलेल्या नोटांपैकी 99 टक्क्यांहून जास्त रकमेच्या नोटा परत आल्या. त्यांत अम्मीच्याही होत्या. काळ्या पैशाच्या चर्चेत घरच्या बायकांच्या या पैशाला लोकांनी हसण्यावारी नेले. आम्हाला मात्र त्या रात्री वेगळाच प्रश्न पडला. अम्मीने तो पैसा अब्बांच्या कर्जाच्या वेळी का काढला नाही? आम्ही विचारले. ती म्हणाली, "कर्जा तो वो फेड लेते. इसको कौन फेडता?"

या उत्तरावर आम्ही खूप विचार केला आहे. एका हाताने साठवायचे आणि दुसऱ्या हाताने व्याजाने घ्यायचे, हा शुद्ध तोटा आहे. शाळेतले सातवीचे मूलही गणित मांडून दाखवेल. वर आपल्या घरात व्याज देण्या-घेण्याचा प्रश्न आहे तो वेगळाच. पण अम्मीचे गणित माणसांचे होते. पतसंस्थेचा माणूस दारात येतो, म्हणून हप्ता जातो. पेटी कुणाच्या दारात जाणार? घरातल्या बचतीला मागणारा कुणी नसतो, म्हणून ती एकदा काढली की भरली जात नाही. त्या रात्रीनंतर अम्मीने ती लांबट वही सुरू केली. जो काढील त्याने नाव, तारीख, कारण लिहायचे, आणि महिन्याला जमेल तसे परत टाकायचे. बहुतेक पैसा बँकेत गेला, रोकड फक्त पाच हजार राहिली, पण घरात सगळेच अजून 'पेटी' असेच म्हणतात. वहीतले आमचे अक्षर उर्दूत आहे, मुलांचे मराठीत. अब्बांच्या नावाचे एक पान बराच काळ कोरे होते.

ते कोरे का होते, हे 2018 मध्ये कळले. अब्बांना साखरेचा आजार. पायाच्या बोटाला चप्पल लागून जखम झाली. ती त्यांनी आठ-नऊ दिवस मोज्याच्या आत ठेवली. बाजारच्या दिवशीही गादीच्या दुकानात बसले. वास यायला लागला तेव्हा आम्हाला कळले. साक्रीहून धुळ्याला नेले. एका दवाखान्यात दोन बोटे काढावी लागली. अठ्ठेचाळीस हजार लागले. पेटीत तेव्हा चाळीस होते. डॉक्टर म्हणाले, पहिल्या-दुसऱ्या दिवशी आला असता तर मलमपट्टीवर भागले असते, काही शेकड्यांत. अब्बांना विचारले, का लपवले? ते म्हणाले, "पेटी नको उघडायला लागावी म्हणून." हे मराठीत म्हणाले. अब्बांना अवघड गोष्ट सांगायची असली की ते मराठीत बोलतात, का ते आम्हाला आजवर कळलेले नाही.

आम्ही त्या पेटीला घराचे संरक्षण समजत होतो. तिच्यामुळे घरातला एक माणूस आपले दुखणे आमच्यापासून लपवत होता. 'खऱ्या अडचणीसाठी' हे शब्द आम्ही इतक्यांदा उच्चारले होते की अब्बांनी मनातल्या मनात आपली जखम तराजूत घातली आणि ती खोटी ठरवली. साठवणीचा हा गुण पुस्तकांत सहसा लिहिलेला नसतो. जितकी कडक शिस्त, तितके दुखणे मोठे होईपर्यंत ते कुणी सांगत नाही. आणि घरात सगळ्यात आधी स्वतःची अडचण खोटी ठरवणारी माणसे ठरलेली असतात: म्हातारी, आणि बायका. मुलांच्या तापाला पेटी उघडते. अम्मीच्या गुडघ्यांना अजून उघडलेली नाही.

यात आम्हा शिकलेल्यांचाही वाटा होता. राज्य सरकारची जीवनदायी योजना 2012 मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली त्यांत आपला धुळे जिल्हा होता. 2017 पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तेव्हा तिला पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड लागायचे. आमचे केशरी कार्ड होते, पण त्यावरचे एक नाव चुकलेले, आणि ते दुरुस्त करून घेण्याचे काम आम्ही दोन वर्षे 'पुढच्या सुटीत' करणार होतो. योजनेत आमचा उपचार बसला असता की नसता, तो पुढचा प्रश्न. विचारायला जाण्याइतकेही कागद आमच्या हातात नव्हते. एका कागदाची दुरुस्ती हीसुद्धा पेटीतली भर असते हे तेव्हा कळले.

त्यानंतर घरात एक नियम बदलला. काहीही दुखले तर पहिल्या दिवशी सांगायचे, आणि पहिल्या पाचशे रुपयांसाठी कुणाला विचारायचे नाही. थांबल्याने जे वाढते, त्याला थांबवायचे नाही. पायाची जखम थांबल्याने वाढते. गळके छप्पर पावसाळ्यात थांबल्याने वाढते. भिंत जाते, मग शेजारची जाते. लग्नातला मानपान थांबल्याने वाढत नाही, फक्त लोक बोलतात.

लग्नाचे बोललो म्हणून एक सांगून टाकावेसे वाटते. 2019 मध्ये आमच्या एका खालाच्या मुलीचे लग्न ठरले. ऐन वेळी मुलाकडून चाळीस-पन्नास माणसे जास्त येणार असा निरोप आला. खाला अम्मीकडे आली. वीस हजार मागितले. अम्मीने नाही म्हटले. खाला एक वर्ष आमच्या दारात आली नाही, ईदलासुद्धा नाही. अम्मीचा मुद्दा बिनतोड होता, जेवणावळ ही अडचण नव्हे. पण खालाच्या जागी उभे राहून पाहिले तर तिच्या मुलीला सासरी आयुष्यभर ऐकावे लागणारे टोमणे हे काहीच नव्हते का? निकाह साधेपणाने करा हे सांगणे सोपे असते, विशेषतः ज्याच्या दारात वऱ्हाड यायचे नसते त्याला. आम्ही आजही यात अम्मीच्या बाजूने आहोत. पण पूर्वीइतके ठामपणे नाही.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पेटीत एकतीस हजार होते. शाळा बंद, अनुदानाचा हप्ता अडकलेला, गादीचे दुकान बंद. या वेळी शंका नव्हती. ज्याला वक्त म्हणतात तो हाच, असे अम्मीने दुसऱ्याच दिवशी जाहीर केले. महिन्याला पाच हजार काढायचे ठरले. एप्रिलमध्ये एक जण आमची शिलाई मशीन चार हजारांना मागायला आला. लोक तेव्हा मास्क शिवत होते, मशीनला गिऱ्हाईक होते. पेटी वाचवण्यासाठी मशीन द्यावी असा विचार क्षणभर आला. अब्बांनी दादीजानच्या कड्याची आठवण दिली आणि म्हणाले, पेटी संपली तरी चालेल, मशीन जाता कामा नये. हे आम्हाला पटले, आणि दादीजानच्या गोष्टीचा खरा अर्थ बहुधा तेव्हाच लागला. तिने कडे वाचवले ते चांदीसाठी नव्हे. तिच्याकडे मशीन नव्हती, तिची मशीन त्या कड्यात होती. त्याच मशीनवर आम्हीही मग मास्क शिवले.

मे महिन्यात शेजारचा काळीपिवळीवाला आला. साक्री-धुळे गाडी बंद, जवळ पैसा नाही, बायकोचे दिवस भरलेले. दारातूनच म्हणाला, "गुरुजी, काही शे का?" त्याच्या अहिराणीत संकोच नव्हता, थकवा होता. पेटी आमच्या घरासाठी होती. त्याचे घर तिच्यात मोजलेले नव्हते. आणि आमचा स्वतःचा दुष्काळ किती महिन्यांचा आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते.

त्या रात्री आम्ही दोन जुन्या गोष्टी आठवून आठवून बोललो. तबूकच्या मोहिमेच्या वेळची म्हणून सांगितली जाते ती पहिली: हजरत उमर (रजि.) आपली अर्धी मालमत्ता घेऊन आले, हजरत अबू बकर (रजि.) सगळी. घरच्यांसाठी काय ठेवले, या प्रश्नावर त्यांनी अल्लाह आणि त्याचा रसूल असे उत्तर दिले, आणि ते स्वीकारले गेले. दुसरी गोष्ट त्याच तबूकची आहे, पण वाजमध्ये कमी ऐकू येते. त्या मोहिमेला न गेलेले कअब बिन मालिक (रजि.) यांची तौबा कबूल झाली तेव्हा आनंदाच्या भरात ते आपला सगळा माल द्यायला निघाले, तर पैगंबरांनी (स.) त्यांना काही स्वतःजवळ ठेवायला सांगितले, तेच तुझ्यासाठी चांगले आहे म्हणून. एकाचे सगळे घेतले, दुसऱ्याला थांबवले. आलिमांनी याची कारणे सांगितली आहेत, सब्र कुणात किती होता वगैरे. आमच्यासारख्यांना एवढेच दिसते की सगळ्यांना एकच माप लावलेले नाही. तवक्कुल हा पेटी रिकामी करण्याचा हुकूम नाही आणि कुलूप लावण्याचाही नाही. आपण अबू बकर नाही हे तर उघड आहे. पण 'आपण अबू बकर नाही' हे वाक्य कंजुषाला फार आवडते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

दहा हजार दिले. कर्ज-ए-हसना, बिनव्याजी, सवडीने फेडायचे. त्याने पुढच्या दीड वर्षात सात हजार आणून दिले. उरलेले तीन हजार वहीत त्याच्या नावावर आहेत. तंगीत असलेल्या कर्जदाराला सवड द्यावी आणि सोडून दिले तर आणखी चांगले, असा कुराणाचा हुकूम अम्मीला पाठ आहे. तरीही ती ओळ तिने खोडलेली नाही. ती म्हणते, खोडली तर त्याला आमच्याकडे यायची लाज वाटेल. त्याची मुलगी आता आमच्या मुलांबरोबर खेळते.

जकातीचे एक कोडे इथे सांगितले पाहिजे, कारण पेटी वर्षभर पडून राहिली की तिच्यावर हा हक्क येतो. साडेबावन्न तोळे चांदी, म्हणजे साधारण 612 ग्रॅम, हा निसाब. 2020 च्या सुरुवातीला चांदी किलोला पंचेचाळीस हजारांच्या आसपास होती. त्या हिशेबाने आमची एकतीस हजारांची पेटी निसाबाच्या वर, आणि चाळिसावा हिस्सा देणे आले. 2025 मध्ये चांदीने किलोमागे लाख ओलांडला आणि दुप्पट भरलेली, एकसष्ट हजारांची पेटी रेषेच्या किंचित खाली गेली. सोने-दागिने धरले की हिशेब बदलतो, तो ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावा. अम्मीने काही विचारले नाही. तिने नेहमीप्रमाणे काढले. म्हणाली, भाव चांदीका बढा, हमारी नियत का क्यूं घटे?

त्या एकसष्ट हजारांचीच आता गोष्ट आहे. गेल्या वर्षी, 2025 मध्ये, बहिणीच्या मुलीचा नर्सिंगला नंबर लागला. बहिणीचे मिस्टर सुरतला मजुरी करतात. प्रवेश पक्का करायला तीन दिवस होते, पस्तीस हजार भरायचे होते. सवलतीचे पैसे यायचे ते नंतर, कागद पुरे झाल्यावर. बहीण काही मागायला आली नव्हती, फक्त सांगायला आली होती. तिची मुलगी दाराशी चप्पल न काढता उभी होती.

ही अडचण होती का? कुणी आजारी नव्हते, कुणाचे छप्पर गळत नव्हते. आम्ही सांगितलेल्या सगळ्या कसोट्यांना ती एका बाजूने उतरत होती आणि एका बाजूने नाही. थांबल्याने वाढणारी गोष्ट नव्हती ती. थांबल्याने संपणारी होती. संधीसुद्धा वक्तच असतो, असे आमच्यातल्या काहींचे म्हणणे पडले. दुसरी बाजू म्हणाली, संधी दर वर्षी कुणाची ना कुणाची येते, या भावंडांत आणखी पाच मुले आहेत. पहिल्याला दिले आणि तिसऱ्याला नाही, तर ते काय? आणि अब्बांच्या साखरेचे काय? अब्बा तिथेच बसले होते. त्यांच्याबद्दल ते जवळ नसल्यासारखे बोलले जात होते. शेवटी ते म्हणाले, "दे दो. कडा है ये." अम्मीने वही काढली. भाचीने स्वतःच्या हाताने आपले नाव, तारीख लिहिली, कारणाच्या रकान्यात 'फी' लिहिले. पेटीत सव्वीस हजार राहिले. अम्मीने त्यांतले दहा वेगळे करून दुसऱ्या खात्यात टाकले आणि सांगितले की याला भूक लागली तरी हात लावायचा नाही. ते बियाण्याचे.

सवलतीचे पैसे अजून आलेले नाहीत. भाची धुळ्याला वसतिगृहात राहते, पांढऱ्या गणवेशातला फोटो पाठवते. वहीत तिच्या नावाखाली दर महिन्याला तीनशे-चारशे जमा दिसतात. ते कोण टाकते हे विचारले की घरात कुणी काही बोलत नाही. बहिणीने टाकले असावेत असे आम्ही धरून चाललो होतो.

मागच्या आठवड्यात अब्बांच्या इन्सुलिनची चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणाला, गुरुजी, या वेळी बाटली बरीच पुरली. घरी येऊन आम्ही तारखा जुळवल्या. जी बाटली एका महिन्यात संपायची ती आता चाळीस-बेचाळीस दिवस चालते आहे. अब्बा जुम्याच्या नमाजला गेले होते. ते परत येईपर्यंत आम्ही वही उघडून बसलो होतो, आणि कुणालाच पहिला प्रश्न विचारायचा नव्हता. शेवटी अम्मी उठली, दारात त्यांच्यापुढे खुर्ची ठेवली आणि म्हणाली, "मोजे उतारो."